टाकीला नंबर नसतो

पेट्रोलची टाकी आतूनही गंजते, हे मोटरसायकल बाळगणाऱ्या बहुतेकांच्या ध्यानीमनी नसतं. बाहेरून ती आपण रोज पुसतो. चाकांच्या, मडगार्डच्या वाट्याला फडकं आलं तर आलं, पण टाकीवरून हात फिरवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायला मन होत नाही. आत डोकवायची संधी मिळते ती पंपावर, झाकण उघडल्यावर. आणि नेमकं तेव्हा आपलं सगळं लक्ष पंपाच्या आकड्यावर शून्य आलंय की नाही याकडे असतं. त्यामुळे टाकीच्या पोटात काय चाललंय याची पहिली बातमी कार्बोरेटर देतो. गाडी चढावर अडखळते, आचके देते, बंद पडते. मिस्त्री खालची वाटी उघडतो, तळाचा तपकिरी गाळ बोटावर घेतो, अंगठ्यानं चोळतो आणि डॉक्टरच्या गंभीरपणानं सांगतो, ‘‘टाकी गेली.’’

मामांच्या येझदीची टाकी अशीच गेली. गाडी कोल्हापुरात, शुक्रवार पेठेतल्या घराच्या सोप्यात बरीच वर्षं उभी होती. मामा साखर कारखान्यात केमिस्ट होते आणि हंगामात रात्रीची पाळी असो की पहाटेची, कारखान्याला येझदीवरनंच जायचे. येझदी म्हणजे मूळची चेक जावा. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात ती १९६१ पासून बनू लागली, सत्तरीच्या दशकात तिचं नाव येझदी झालं आणि १९९६ साली कारखानाच बंद पडला. किकचा दांडा पुढे पाडला की तोच गिअरचा होतो, ही तिची करामत गल्लीतली पोरं अजूनही तोंड उघडं टाकून बघतात. मामा निवृत्त झाले, गाडीही झाली. मामा रोज संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जातात म्हणून ठणठणीत आहेत. गाडीला कुणी रंकाळ्यावर नेलं नाही.

मोटरसायकलची टाकी श्वास घेते. झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र ठेवलेलं असतं. ते नसेल तर पेट्रोल खाली उतरणारच नाही. दुपारी टाकी तापली की आतली हवा आणि वाफ बाहेर पडते, रात्री ती गार झाली की बाहेरची हवा आत ओढली जाते. आणि कोल्हापूरच्या जुलैतली हवा म्हणजे निम्मं पाणीच. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर या हवेला आत जागा नसते. अर्धी असेल तर वरच्या उघड्या पत्र्यावर दव धरतं, थेंब ओघळतो आणि पेट्रोलपेक्षा जड असल्यानं सरळ तळ गाठतो. तिथं तो मुक्कामाला राहतो. लोखंड, पाणी आणि प्राणवायू यांची एकमेकांशी ओळख करून द्यावी लागत नाही.

गाडी उभी असते बाजूच्या स्टँडवर, डावीकडे कललेली. म्हणून हे पाणी डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात साचतं, आणि टाकीला भोक पडतं तेही बहुतेक वेळा तिथंच. मुरलेला मिस्त्री टाकी न बघताच तिथं बोट लावतो. आपल्याला वाटतं, काय हा माणूस! तो मनात म्हणत असेल, काय ही माणसं, सगळी एकाच बाजूला कलून उभी करतात.

रिझर्व्हची गंमत तर आणखी वेगळी. कॉकमधून टाकीत दोन नळ्या गेलेल्या असतात, एक उंच आणि एक बुटकी. पेट्रोल उंच नळीच्या खाली उतरलं की गाडी गचके देते. आपण चालत्या गाडीवर वाकून, चाचपडत कॉक रिझर्व्हला फिरवतो आणि बुटकी नळी तळाचं ओढू लागते. तळाला काय असतं? आजवर साचलेलं पाणी आणि गंजाच्या खपल्या. म्हणजे पेट्रोल ज्या क्षणी सगळ्यात मोलाचं, त्याच क्षणी ते सगळ्यात घाण. मामांची गाडी नेहमी रिझर्व्हवरच बंद पडायची, आणि मामी म्हणायच्या, ‘‘वेळेवर पेट्रोल भरायला नको.’’ निदान साफ चुकीचं, उपाय तंतोतंत बरोबर. मामींची बरीच निदानं या जातीची आहेत.

अलीकडे या कारभारात ऊसही उतरला आहे. पेट्रोलमधल्या इथेनॉलचं प्रमाण २०२२ साली १० टक्क्यांवर गेलं, २०२३ पासून २० टक्क्यांचं मिश्रण निवडक पंपांवर मिळू लागलं आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरलं. इथेनॉलला पाण्याची ओढ फार. थोडंफार पाणी ते स्वतःत मुरवून घेतं आणि कुणाला कळूही देत नाही. पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे निघतात आणि तळाशी जाऊन संसार थाटतात. जुन्या गाड्यांची रबरं या नव्या पेट्रोलसाठी बनलेलीच नव्हती. ती फुगतात, मऊ पडतात. पण हे मामांसमोर बोलायची सोय नाही. इथेनॉल म्हणजे त्यांच्या लेखी माहेरचं माणूस. उसाला दर कशामुळं मिळतोय, कारखान्यांची देणी कशामुळं फिटताहेत, यावर ते चहा गार होईपर्यंत बोलतात. कॉकचं फुगलेलं वॉशर मी त्यांच्या तळहातावर ठेवलं, तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, ‘‘हा रबराचा दोष आहे.’’

तर टाकी सोडवून अंगणात आणली. एरवी फिरकतही नाहीत ती माणसं अशा वेळी कुठून उगवतात कोण जाणे. गंज हा विषयच असा आहे की त्यावर औषध नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडायचा नाही. शेजारच्या काकांनी कोलाच्या मोठ्या बाटल्या ओतायला सांगितल्या. मामेभावाचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या मते विजेशिवाय हे काम होणारच नाही. टाकीत धुण्याच्या सोड्याचं पाणी भरायचं, मधोमध लोखंडी सळई कुठंही टेकू न देता टांगायची, चार्जरचं ऋण टोक टाकीला आणि धन टोक सळईला, की गंज आपोआप सुटतो. त्यात हायड्रोजन निघतो, म्हणून हे उघड्यावर करायचं, एवढी एक बारीक गोष्ट त्यानं सगळ्यात शेवटी सांगितली. मामी म्हणाल्या, ‘‘चिंच लावा की.’’ सगळे हसले. मामा हसले नाहीत. चिंचेत टार्टरिक आम्ल असतं आणि ते गंजावर चालतं, हे त्यांना केमिस्ट म्हणून मान्य करावं लागलं. पण मान्य करतानाचा चेहरा बघण्यालायक होता.

कोलाचा उपायही वाटतो तितका बाष्कळ नाही. त्यात थोडं फॉस्फरिक आम्ल असतं, आणि बाजारात गंज काढायची म्हणून जी द्रावणं मिळतात त्यांतल्या बऱ्याच द्रावणांचा जीव याच आम्लात असतो. ते गंजाचं फॉस्फेट करतं आणि त्या फॉस्फेटचा पातळ थर पत्र्यावर राखण बसतो. दिल्लीला मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षं ऊनपावसात उभा आहे तो याच फॉस्फरसच्या कृपेनं. कानपूरच्या आयआयटीतले धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याच्यावर पुष्कळ काम केलं. त्या जुन्या भट्ट्यांमधल्या लोखंडात फॉस्फरस राहून जायचा. आजचा पोलादवाला तो दोष समजून काढून टाकतो. त्या राहून गेलेल्या फॉस्फरसमुळंच स्तंभावर गंज रोखणारा थर धरला. गुप्तकाळातल्या लोहारांना जे जमलं ते आमच्या टाकीच्या पत्र्याला जमलं नाही, आणि मिस्त्रीला हे सांगून काही उपयोग नव्हता. तो म्हणाला, ‘‘त्या खांबात पेट्रोल कुठं भरत्यात?’’

शेवटी ठरलं मामांच्या मताप्रमाणं: मळी. साखर काढून उरलेली काळी, चिकट मळी एक भाग आणि पाणी नऊ भाग. मळीतली द्रव्यं लोखंडाच्या गंजाला धरतात आणि द्रावणात खेचून घेतात. चांगल्या पत्र्याला हात लावत नाहीत. घाई मात्र चालत नाही, आठवडा-दोन आठवडे निवांत ठेवावं लागतं. पशुखाद्याच्या दुकानातून मळी आली. मामींना आधी वाटलं काकवीच ओतताहेत, आणि घरातली बरणी त्यांनी लगोलग वरच्या फळीवर हलवली. तिसऱ्या दिवसापासून सोप्यात आंबूस वास सुटला. समोरच्या घरात नवीनच आलेल्या भाडेकरूनं मामांकडे जरा निराळ्या नजरेनं बघायला सुरुवात केली आणि एकदा बोलता बोलता ‘‘काका, घरचीच काय?’’ असं हळूच विचारलंही. इकडे मामांच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. टाकीला गंज चढवायला उसानं हातभार लावला, आता काढायलाही ऊसच आला. त्यांच्या मते हिशेब चोख होता.

मळी घालण्याआधी मोठ्या खपल्या पाडणं भाग होतं, आणि त्याची रीत एकच: आत काहीतरी खडबडीत घालून टाकी खळखळवायची. शहाणे लोक बारीक साखळी घालतात, कारण साखळीचं एक टोक धरून ओढलं की सगळी बाहेर येते. काही जण टाकी चिंध्यांत गुंडाळून काँक्रीटच्या मिक्सरला बांधतात आणि गरगर फिरवतात. आमच्याकडे मिस्त्रीच्या पोरानं मूठभर नट ओतले. मग तो आणि इंजिनिअरिंगवाला यांनी दोन टोकांना धरून ती टाकी मंगळागौरीच्या सुपासारखी नाचवली. आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. तांबूस पाण्याबरोबर खपल्यांचा ढीग पडला, नट बाहेर आले. एक आला नाही. फ्रेमवर बसण्यासाठी टाकीला खालून जो बोगदा असतो, त्याच्या कडेला तो कुठं तरी जाऊन बसला. तारेला चुंबक बांधून झालं, टाकी उलटीपालटी करून झाली. हलवलं की खुळखुळतो, शोधलं की गप्प.

मधल्या काळात मोठा प्रश्न पुढे आला: एवढं करायचंच कशाला? नवी टाकी का घेऊ नये? पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांची दुकानं आहेत, बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे. अस्सल जुनी टाकी नशिबानं मिळते. नाही तर पॅटर्नची, म्हणजे मूळ कंपनीची नसलेली, नमुन्यावरून ठोकलेली. पॅटर्नची टाकी दिसायला देखणी असते; बसवायला गेलं की एखादं भोक बोटभर सरकलेलं असतं आणि कानस घेऊन तिची समजूत घालावी लागते. पण भोक नाही, गंज नाही. मामेभाऊ म्हणाला, ‘‘पप्पा, नवीन टाकू या. कटकट मिटली.’’

मामांनी विचारलं, ‘‘मग ती आपली गाडी राहील का?’’

खरं सांगायचं तर कायद्याच्या दृष्टीनं राहील. आरसीबुकात चेसिसचा नंबर असतो, इंजिनचा नंबर असतो. टाकीला नंबर नसतो. उद्या टाकीच्या जागी तुम्ही कळशी बांधलीत तरी कागदावर गाडी तीच. पण घरातल्या कुणाला मामांच्या गाडीचा चेसिस नंबर कुठं आहे हे दाखवता आलं नसतं. सगळ्यांना ठाऊक ती टाकी. उजव्या बाजूचा पोचा मावशीच्या लग्नातला, हौसेनं आचाऱ्याचं पातेलं मागे बांधून नेताना आलेला. गुडघे घासून घासून रंग उडालेले दोन ठिपके मामांचे. पुढच्या बाजूला जोतिबाच्या स्टिकरचा अर्धा भाग, ‘चांगभलं’पैकी ‘भलं’ तेवढं उरलेलं. आणि झाकणाच्या अलीकडची जागा आम्हा सगळ्या भाचरांची. हँडलला दोन्ही हातांनी धरून, तोंडावर वारा घेत, गाडी आपणच चालवतोय या खात्रीनं आम्ही एकेक करून तिथं बसून मोठे झालो. इंजिनवर बसून कुणी मोठं होत नाही. कंपन्यांनाही हे माहीत आहे. त्या आपलं नाव इंजिनवर कोरतात ते उपचाराला, मिरवायला लिहितात ते टाकीवर. मद्रासच्या बुलेटच्या टाकीवरची सोनेरी रेघ वर्षानुवर्षं ब्रश धरून हातानं ओढत आले आहेत. क्रँकशाफ्टवर कुणी नक्षी काढल्याचं ऐकिवात नाही.

मिलिंदप्रश्नात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला त्याच्याच रथावरून पेचात पकडतो. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की रथ हे या सगळ्यांच्या जुळणीला दिलेलं नुसतं नाव. नागसेनाचं म्हणणं खोडायची माझी प्राज्ञा नाही. पण त्या रथाला टाकी नव्हती.

तेव्हा दुरुस्ती. मळी ओतून टाकली तेव्हा आतला पत्रा करडा, स्वच्छ निघाला, आणि त्याबरोबर डाव्या कोपऱ्यातलं भोकही मोकळं झालं. आजवर ते गंजानंच बुजवून धरलं होतं. रस्त्यात गळती लागली तर मिस्त्री लोक धुण्याच्या साबणाची वडी घासून भोक बंद करतात. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळं घरापर्यंत सुखरूप पोचता येतं. आमच्या टाकीच्या त्या कोपऱ्यात अशा जुन्या साबणाचा पिवळा थर निघाला. कधीचा, कुणी लावलेला, मामांना आठवेना. बहुधा घरापर्यंत पोचल्यावर तो उपाय कायमचा समजला गेला असावा. आपल्याकडे बऱ्याच तात्पुरत्या गोष्टींना अशी नोकरीत कायम व्हायची संधी मिळते.

भोकाला डाख द्यायला टाकी रेडिएटरवाल्याकडे नेली. अशा कामात हेच लोक खरे तरबेज. रिकामी पेट्रोलची टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, हे तिथं गेल्यावर नीट समजतं. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत असली तरच ती पेट घेते. भरलेल्या टाकीत वाफ त्याहून फार दाट असते. रिकामीत मात्र हवा आणि वाफ अगदी नेमकी जमून येतात. म्हणून त्यानं टाकी साबणाच्या पाण्यानं पुन्हा पुन्हा विसळली, मग भोकाची जागा तेवढी वर ठेवून बाकी पाण्यानं भरली, आणि त्यानंतरच तापवलेली खय्या हातात घेतली. अंधारात पेट्रोल किती उरलंय हे बघायला झाकण उघडून काडी ओढणाऱ्यांच्या गोष्टी आपण हसत हसत सांगतो. त्या गोष्टी सांगणारी माणसं नेहमी बघ्यांपैकी असतात, हे लक्षात घ्यावं.

यानंतरची सगळ्यात घाईची पायरी म्हणजे वाळवणं. गंज उतरलेलं नागडं लोखंड पाण्यातून बाहेर आलं की बघता बघता त्यावर पुन्हा केशरी झाक चढते. मामेबहिणीचा केस वाळवायचा ड्रायर तिला न विचारता कामाला लावला आणि लगेच पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल जास्त घालून टाकीत घुसळलं. दोन-स्ट्रोक गाड्यांचं हे एक बरं असतं. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचंच असतं, त्याचा हलका हात पत्र्यावरून फिरत राहतो. आतून इपॉक्सीचा लेप द्यायचं मी सुचवलं होतं. मिस्त्री नको म्हणाला. खाली गंजाचा अंश राहिला की तो लेप पापुद्र्यानं सुटतो आणि कॉक बुजवतो, आणि जुन्या बनावटीचे काही लेप इथेनॉलनं मऊ पडतात. ‘‘आतनं मेकअप कशाला? भरून ठेवा आणि चालवत ऱ्हावा,’’ तो म्हणाला. माझ्या मते यंत्रांविषयी मी ऐकलेला हा सगळ्यात कमी खर्चाचा सल्ला. पेट्रोलच्या भावामुळं तो तसा राहत नाही, ही गोष्ट वेगळी.

बाहेरून रंग द्यायचा की नाही यावर घरात दोन तट पडले. लांबी भरून पोचा घालवावा, असं मामेभावाचं मत. मामींनी या वादात पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि नणंदेच्या लग्नाची आठवण लांबी भरून बुजवायची नाही असं बजावलं. मग पोचा राहिला, ‘भलं’ राहिलं, आणि मरून रंगाचा एक हात तेवढा डाख दिलेल्या कोपऱ्यावर फिरला.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते; पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. मामांची मुदत संपत आली होती आणि इतकी धावपळ चालली होती ती त्यासाठीच. ठरल्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून येझदीवरनं आरटीओत हजर झाले. मी मागे स्कूटरवर. साहेब तरुण होते. त्यांनी चेसिसच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली, छाप उमटवली, इंजिनचा नंबर ताडून पाहिला, हॉर्न वाजवला, दिवा लावायला लावला. आरसीवर रंग मरून, गाडी मरून. टाकीकडे त्यांचं लक्ष गेलं ते काम संपल्यावर, आणि तेही हौसेनं. पोच्यावरून हात फिरवत त्यांनी गाडी जराशी हलवली. आत खुळखुळलं.

‘‘काय वाजतंय?’’

‘‘नट आहे,’’ मामा म्हणाले.

‘‘टाकीत?’’ साहेबांनी पुन्हा हलवून पाहिलं. ‘‘पण टाकी ओरिजिनल ना काका?’’

‘‘टाकी ओरिजिनल,’’ मामा म्हणाले, ‘‘नट पॅटर्नचा.’’